मराठी नावं कोडमध्ये का फुटतात, आणि ती सांभाळायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पतसंस्थेचं म्हणा, दूध डेअरीचं म्हणा, कुठलंही सॉफ्टवेअर करायला घेतलं की एकाच कॉलममध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नावं येतात, उताऱ्यावरचं नाव कन्नडमध्ये आणि सही मराठीत हे तर नेहमीचंच, आणि मग टेस्टिंगला इंग्रजी नावं टाकून मस्त चाललेला कोड पहिल्याच खऱ्या यादीला झोपतो.

आधी लांबी बघू. 'चिक्कोडी' घ्या. डोळ्याला तीन अक्षरं. पायथनचं लेन (लांबी सांगणारं फंक्शन) सांगतं ८, कारण वेलांटी, हलंत, ओकार सगळं वेगवेगळं मोजलं जातं, जावा आणि जावास्क्रिप्टपण ८च. गो, रस्ट आणि पीएचपीचं साधं स्ट्रलेन सांगतं २४, ते बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं, कन्नडचंही तेवढंच. यात चुकीचं कुणीच नाही, तुम्हाला काय मोजायचंय ते तुम्ही ठरवायचं. पावतीवर नाव बसत नाही म्हणून चारवर कापलंत तर 'चिक्' उरतं, आणि बाइटवर कापलंत तर शेवटी प्रश्नचिन्हाचा डबा. कापायचं ते ग्राफीमवर, म्हणजे डोळ्याला एक दिसणाऱ्या अख्ख्या अक्षरावर: जावास्क्रिप्टमध्ये इंटल डॉट सेगमेंटर, पीएचपीत ग्राफीम_सबस्ट्र, स्विफ्टमध्ये कॅरेक्टर म्हणजे ग्राफीमच. फक्त जुनी लायब्ररी असेल तर ती 'क्को' मधोमध तोडते, अख्खं जोडाक्षर एक धरायचा नियम युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणारं मानक) १५.१ पासून, म्हणजे २०२३ मध्ये आला.

आता खरी डोकेदुखी. यादीत 'शेतकऱ्यांची' समोर दिसतंय तरी सर्च म्हणतो सापडत नाही. का? तर 'ऱ्य' दोन तऱ्हेनं टाईप होतो. एकात ऱ, हलंत, य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह), मग य. स्क्रीनवर डिट्टो सेम, कोडला दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ सरळ होतो, पण झेडडब्ल्यूजेवाला तसाच राहतो, ट्रिमनं (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) पण जात नाही. आणि वैतागून सगळे झेडडब्ल्यूजे उडवलेत तर 'शेतकर्यांची' होतं, रफार डोक्यावर! म्हणून क्रम पाळा: आधी एनएफसी, मग 'र, हलंत, झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ, हलंत', आणि त्यानंतरच बाकीची साफसफाई. हे सगळं सर्चसाठीच्या वेगळ्या कॉलममध्ये करा, माणसानं लिहिलेलं मूळ नाव हलवू नका. त्याच कॉलमसाठी बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी एकाच गावाला जोडणारं टेबल लागतंच, नियम लावून ते जमत नाही (इंग्रजीत तर नोव्हेंबर २०१४ च्या आधीचे कागद बेलगाम नावाचे, नंतरचे बेळगावी).

रेजेक्सचं, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीचं, थोडक्यात. पायथनच्या री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर) मात्रा धरत नाही, 'बेळगाव' चे ब, ळग, व असे तुकडे पडतात. वेगळं मिळणारं रेजेक्स पॅकेज वापरा. आकडे: पायथनचं इंट '१२३' निमूट घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर नॅन ('हा आकडाच नाही') देतं, तेव्हा मराठी-कन्नड आकडे फॉर्ममध्येच बदलून घ्या.

सॉर्टला नुसता कोडपॉइंट (युनिकोडनं चिन्हाला दिलेला नंबर) लावला तर 'काळे' हे आडनाव 'कासार' च्या आधी येतं, कारण युनिकोडमध्ये ळ ल च्या शेजारी आहे आणि आपल्या वर्णमालेत ह नंतर. जावास्क्रिप्टच्या लोकेलकंपेअरला मराठी लोकेल (भाषेचे नियम) द्या, बाकी ठिकाणी आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी.

आणि जुनी फाईल श्रीलिपीत नाहीतर नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर वरचं काहीच लागू नाही, फॉन्ट काढला की आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. ती आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि रफारवाली नावं एकेक डोळ्यांनी तपासा, कुलकर्णी, पर्वती, कारण गडबड बहुतेक तिथंच होते.