पानावरच्या नागमोडी रेषा नोंदवताय? मग या चुका टाळा

पाऊस जरा उघडला की आपल्या बेळगावकडच्या निसर्गवेड्या मंडळींचे फोटो सुरू होतात, खानापूरच्या काजूचं पान, शिवारातली चवळी, परसातलं लिंबू, आणि खाली एकच प्रश्न, कुठली नागअळी ही? निम्म्या फोटोंवरून सांगताच येत नाही, कारण सांगायला लागणारी माहिती फोटोत आलेलीच नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाडाची नोंद न करणं. नागअळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधे राहते आणि आतला हिरवा गर खाते, तिच्या खाण्याची वाटच बाहेरून रेष म्हणून दिसते, आणि यातल्या बऱ्याच जाती एकाच झाडावर किंवा त्याच्या जवळच्या नात्यातल्या दोनचार झाडांवरच जगतात. म्हणजे झाड कळलं की अर्धं काम तिथंच झालं. म्हणून नुसतं पान नको, फांदी, पानांची मांडणी, फूल असेल तर फूल, एवढं घ्याच. नावाचंही तसंच, आपल्या भागात एकजण करंज लिहितो दुसरा कानडीतलं होंगे लिहितो, दोन्ही नोंदी एकाच झाडाच्या आहेत हे नंतर बघणाऱ्याला कळणार कसं, तेव्हा सोबत शास्त्रीय नाव टाका बघा.

दुसरी चूक, रेष नागमोडी दिसली की लगेच लिरिओमायझा ट्रायफोली लिहून मोकळं होणं. ही अमेरिकेतली माशी १९९० च्या सुमाराला भारतात आली आणि टोमॅटो, एरंड, चवळी असं कशावरही चालते, त्यामुळं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय. पण लिंबावरची नागअळी माशीची नाहीच, ती फायलोक्निस्टिस सिट्रेला नावाच्या बारक्या पतंगाची. पान उजेडाकडं धरून बघा की. लिंबाच्या चंदेरी वाटेत मधोमध विष्ठेची एक सलग काळपट रेघ दिसते आणि शेवटी अळी पानाची कड दुमडून तिथंच कोष करते. ट्रायफोलीच्या वाटेत विष्ठा तुकड्यातुकड्यानं, कधी या कडेला कधी त्या कडेला, आणि अळीला वेगळं असं डोकं दिसत नाही, मोठी झाली की पानाला चीर पाडून बाहेर येते आणि बहुतेक वेळा खाली मातीत कोष करते. हा फरक साध्या भिंगातून दिसतो, मोबाईलवरच्या क्लिप लेन्सनंसुद्धा.

सगळ्या वाटा रेषेसारख्या नसतात हेही लक्षात असू दे. काजूच्या कोवळ्या पानावर अक्रोसरकॉप्स सिंग्रामा या पतंगाची अळी फोड आल्यासारखा पापुद्रा उचलते, तो नंतर वाळून फाटतो आणि पानाला भोक राहतं, मग लोक करपा लिहितात. टोमॅटोवर रेष नसून रुंद चट्टा असेल तर टुटा अब्सोल्यूटा या पतंगाच्या अळीचा विचार करा, ती भारतात पहिल्यांदा २०१४ साली पुण्याकडं सापडली.

फोटो तीन तरी हवेत, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि उजेडाकडं धरलेलं पान. हा तिसरा लोक हमखास विसरतात आणि नेमकी अळी आणि विष्ठा त्यातच दिसते.

पान घरी आणून किडा बाहेर येईपर्यंत ठेवायचं असेल तर बंद पिशवीत कोंबून खिडकीत ठेवू नका, आत घाम सुटतो, बुरशी येते, अळी मरते. डबीत टिश्यू पेपर घाला, सावलीत ठेवा, आणि डबीवर तारीख, गाव, झाड पेन्सिलीनं लिहा, शाई ओल लागली की पसरते. आणि एवढं करून बाहेर आलेला किडा हीच नागअळीची माशी किंवा पतंग असं धरून चालू नका!! बऱ्याचदा हिरवट चमकणारी इवलीशी गांधीलमाशी निघते, ती अळीवर जगणारी परजीवी. टाकून देऊ नका, तिची नोंद वेगळी करा आणि कुठल्या पानातून आली ते जोडा, अशा नोंदी फार कमी होतात आणि फार कामाच्या असतात.

लोकेशनचं एक. चोर्ला घाटात फोटो काढायचे आणि रात्री बेळगावातल्या टिळकवाडीत घरी बसून अपलोड करायचे, मग नकाशावरची पिन बेळगाव शहरात पडते. चोर्ल्यात तर चार पावलांवर गोवा, पिन जरा चुकली तरी नोंद राज्य सोडून जाते. पिन हातानं सरकवा.

भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय पान तोडायचं नाही, तिथं फक्त फोटो. आणि अळी निघून गेलेली रिकामी वाट दिसली तर सोडून जाऊ नका, झाड, वाटेचा आकार आणि बाहेर पडायची चीर वरच्या बाजूला की खालच्या, एवढ्यावरूनही पुष्कळदा गट ओळखता येतो.