पुरंदरचा अंजीर: छाटणीआधी झाडाखालची पानं उचला

परतीचा पाऊस रेंगाळलाय, सकाळी दव, दिवसभर ढगाळ. तांबेऱ्याला, म्हणजे अंजिराच्या पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, हेच हवं असतं. सासवड, दिवे, राजेवाडी भागात मिठ्या बहाराची (उन्हाळ्यात फळ देणाऱ्या हंगामाची) छाटणी सुरू करण्याआधी झाडाखाली वाकून बघा. गळलेल्या पानांचा थर असेल तर छाटणी दोन दिवस लांबली तरी चालेल, आधी पानं गोळा करा, रोग त्यांच्यातूनच नव्या पालवीवर येतो.

आपला हा जुना पुना अंजीर. 2016 साली ‘पुरंदर अंजीर’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. परागीभवनाशिवाय फळ धरतो, खाली मुरूम असलेल्या निचऱ्याच्या जमिनीत आणि कोरड्या हवेत खुलतो. खोल काळ्या रानात रुसतो. फळ पानाच्या बगलेत येतं, म्हणून पान गेलं की फळ पोसत नाही. तोडून पिकवू म्हणाल तर तेही नाही, अंजीर झाडावरच पिकतो.

तांबेरा पानाच्या खालच्या अंगाला येतो, तपकिरी पुटकुळ्या दिसतात. फवारणारा मात्र वरून भिजवून मोकळा होतो. नोझल खालून वर धरा. आणि रोगट पानं बांधावर टाकू नका, शेणखताच्या ढिगात तर नाहीच. खड्ड्यात पुरा.

छाटणीनंतर लगेच 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा, हे बुरशीनाशक घरीच बनतं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. लोखंडी विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा. पुढे पालवीवर ठिपके दिसताच क्लोरोथॅलोनील हे बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रतिलिटर, 15 दिवसांच्या अंतराने. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघा. माझा अंदाज असा, की दहा वाजेपर्यंत पान ओलं राहू लागलं तर ठिपक्यांची वाटही बघू नये.

दुकानदार सोबत टॉनिकची बाटली देईल. नको म्हणा. पानं वेचायला लागणारी दोन माणसांची मजुरी त्याहून स्वस्त पडते, आणि टॉनिकने तांबेरा हटलेला मी तरी कुठल्या बागेत पाहिला नाही.

बाकी नेहमीचं:
- मोठ्या झाडाला 40 ते 50 किलो कुजलेलं शेणखत
- वाळक्या, आत वाढणाऱ्या फांद्या काढणे
- खोडकिड्याची भोकं तपासणे
- ताण तोडताना (पाणी बंद ठेवलेल्या बागेला पुन्हा पाणी सुरू करताना) पहिलं पाणी हलकं
- फळं फुगताना पाण्यात खंड नको, फळं तडकतात

शेजारच्या बागेत खाली पानं पडलेली असतील तर त्यांनाही सांगा. वारा बांध बघत नाही. ते नाही म्हणाले तर त्या बाजूच्या दोन ओळी रोज सकाळी पानं उलटून तपासा.