ऑफिसात कुत्रा आणायचा, तर आधी कोणाकोणाला विचारायचं?

‘कुत्र्याला कामावर न्या’ हा दिवस अमेरिकेत 1999 पासून पाळला जातो. ॲमेझॉनच्या सुरुवातीच्या काळात सिएटलच्या ऑफिसात रूफस नावाचा कॉर्गी वावरायचा. ते सगळं ऐकून आपल्याकडेही कोणीतरी एचआरला मेल टाकतं, ‘शुक्रवारी कुत्रे आणू या का?’ फोटो छान येतात, हे खरं. पण नीट करायचं असेल तर त्याआधी पंधरा-वीस दिवसांचं काम आहे.

फायदा कोणाला होतो ते आधी पाहू. नॉर्थ कॅरोलायनातल्या, काचेची आणि चिनी मातीची भांडी विकणाऱ्या एका कंपनीत झालेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. कुत्रा सोबत आणणाऱ्यांनी सांगितलेला ताण दिवसभरात कमी होत गेला. तीच माणसं कुत्रा घरी ठेवून आली की वाढला. म्हणजे फायदा मुख्यतः ज्याचा कुत्रा त्याला. भीती, केस, वास, भुंकणं हे मात्र अख्ख्या मजल्याच्या वाट्याला येतं. म्हणून सुरुवात कुत्र्यापासून करायची नाही, ‘नको’ म्हणणाऱ्यांपासून करायची.

मीटिंगमध्ये हात वर करायला सांगू नका. बॉसचाच लॅब्रडोर असेल तर कोणाचा हात वर होणार? बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: भीती वाटते का, ॲलर्जी किंवा दमा आहे का, आणि कारण न देता नको आहे का. हीच चिठ्ठी हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटी आणि पँट्रीतल्या मुलांकडेही गेली पाहिजे. ते कंत्राटी असतात, एचआरचा मेल त्यांना जात नाही आणि फरशी मात्र त्यांनाच पुसावी लागते. मजल्यावर एकाला जरी दमा असेल तर त्या मजल्यावर कुत्रा नको. ॲलर्जी केसांची नसते. लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यामुळे ‘आमच्या पूडलचे केस गळत नाहीत’ हा युक्तिवाद चालत नाही. सेंट्रल एसी ती प्रथिनं सगळीकडे फिरवतो, कार्पेट धरून ठेवतं. कुत्र्यांसाठी फरशीची, वेगळ्या एसीची खोली असेल तर बरं. जागा भाड्याची असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगीही लेखी घ्या.

आता कुत्रा. पिल्लू नको, लसी पूर्ण झालेला, वर्षाच्या पुढचा आणि ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द अनोळखी जागीही ऐकणारा हवा. माजावर आलेली कुत्री, ताटलीजवळ कोणी आलं की गुरगुरणारा किंवा पूर्वी चावलेला कुत्रा घरीच बरा. लसींच्या पुस्तकात रेबीजची नोंद चालू वर्षाची असावी आणि वार्षिक लसीत लेप्टोस्पायरोसिस धरलेला असावा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत, हा आजार उंदरांच्या मुतातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुतातून माणसाला होऊ शकतो. गोचिडांचं औषध वेळेवर दिलेलं असावं. महापालिकेचा परवाना काढून त्याची प्रत ठेवा.

पहिल्या दिवशी पूर्ण आठ तास ठेवलं की हमखास बिघडतं. आधी एखाद्या शनिवारी, ऑफिस रिकामं असताना अर्धा तास आणा. मग कामाच्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस. चौथ्या खेपेला पूर्ण दिवस.

निघण्याआधी घरी 30-40 मिनिटं चालवून आणा, पोटातलं सगळं होऊ द्या. खाणं निघायच्या दोन तास आधी. लगेच गाडीत बसवलं तर ओकतो. ऑफिसच्या गेटवर, टपरीपाशी जी चार-पाच भटकी कुत्री असतात, त्यांचा तो इलाका असतो आणि तुमचा कुत्रा त्यांच्या लेखी घुसखोर. शक्यतो गाडीने थेट बेसमेंटमध्ये या. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. हात ठेववत नसेल तर पायही भाजणार.

लिफ्टकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. माणूस आत, कुत्रा दारात घुटमळतोय, दार मिटलं आणि लिफ्ट वर निघाली, तर गळ्याला फास बसतो. बऱ्याच लिफ्टच्या सेन्सरला पातळ दोरी कळत नाही. म्हणून लांब होणारी गुंडाळदोरी ऑफिसात आणूच नका. दीड मीटरची साधी दोरी, तीही गळपट्ट्याऐवजी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. लिफ्टपाशी ती हार्नेसजवळ आखूड धरा, कुत्रा पायाला चिकटून, दोघं एकत्र आत. बाहेर पडतानाही तसंच. गर्दी असेल तर ती लिफ्ट सोडा.

जागा भिंतीकडेची द्या, वाटेतली नको. घरची न धुतलेली चादर आणा; ओळखीचा वास आला की लवकर आडवा होतो. दोरी जड टेबलाच्या पायाला बांधा, चाकाच्या खुर्चीला कधीच नाही. एकदा मांजर दिसलं की खुर्ची मागे धडधडत येते, कुत्रा त्या आवाजाला घाबरून आणखी पळतो आणि वाटेतले दोन-तीन मॉनिटर खाली. पाणी दिवसाला किलोमागे साधारण 50-60 मिली, म्हणजे 25 किलोच्या लॅब्रडोरला सव्वा ते दीड लिटर. दर तीन तासांनी दहा मिनिटं खाली नेणं आलंच.

डब्याच्या वेळी कुत्रा पँट्रीत नको. कांदा-लसूण, चिवड्यातले बेदाणे, वाढदिवसाच्या केकमधलं चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम ही सगळी त्याच्यासाठी विषं आहेत. टेबलाखालची उघडी कचरापेटी झाकणाची करा. काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. वेष्टण, अंदाजे प्रमाण, वेळ आणि कुत्र्याचं वजन हाताशी ठेवून व्हेटला फोन करा.

फरशीवर मुतला तर टिश्यूने टिपा, घासू नका. फिनाईल टाळा, ते पायाला लागतं आणि कुत्रा पाय चाटतो. अमोनियाचं क्लीनरही नको. त्याचा वास मुतासारखाच, त्यामुळे पुन्हा तिथेच पाय वर होतो. एन्झाइमचं क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. आणि हे सगळं मालकाने करायचं, मावशींना हाक मारायची नाही. नियमांत हे पहिलं लिहा.

मालक मीटिंगला गेला की कुत्रा दारापाशी रडायला लागतो, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्याची सोबत माणसाशी असते, ऑफिसशी नसते. म्हणून त्याच्या ओळखीचा दुसरा एक माणूस आधीच ठरवा, किंवा त्या दिवशी मीटिंगच ठेवू नका.

कुत्रा चावला, नुसतं खरचटलं तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. कुत्र्याची लस झालेली असली तरी माणसाने त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं. खर्च मालकाचा, हे आधीच सहीनिशी ठरवा. प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे.

चावण्याआधी कुत्रा बरंच काही सांगत असतो. झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट पायांत घेणं. ताठ शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं नाही. गुरगुरला तर रागावू नका, त्याला तिथून बाजूला न्या. गुरगुरणं मारून बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. माणसांच्या चिठ्ठ्या आपण घेतल्या, कुत्र्याची चिठ्ठी ही अशी असते. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही तो एसीत धापा टाकत असेल, पाण्याला तोंड लावत नसेल, तर त्याचंही उत्तर ‘नको’च आहे. मग घरी पंखा लावा आणि दुपारी फिरवायला एखादा माणूस ठेवा.