गोव्यात पायवाटेला निघताना या चुका टाळा

गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम 60-65 किलोमीटर रुंद आहे. एवढ्या पट्ट्यात वाळूचे किनारे, खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), जांभ्याचे उघडे सडे म्हणजे पठारे, कुळागरे (पोफळी-माडांच्या बागा) आणि शेवटी सह्याद्रीचा माथा येतो. सत्तरी तालुक्यातला सोंसोगड 1,000 मीटरहून उंच आहे. राज्य लहान, तेव्हा वाटाही लहान असणार असे धरून लोक निघतात आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. चार किलोमीटर म्हणजे तासाभराचे चालणे, हा हिशोब डांबरी रस्त्याचा. इथे किनाऱ्यावरची वाट भरती-ओहोटीवर अवलंबून, सड्यावरची उन्हावर आणि घाटातली पावसावर. म्हणून कोणी वाट विचारली की मी आधी विचारतो, कधी निघणार? किती लांब, ते नंतर.

भरतीची वेळ न पाहता किनारा धरणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती टाळायला दोन मिनिटे पुरतात. पाळोळे ते आगोंद, हरमल ते केरी किंवा खोलगडाच्या आसपासचा किनारा, या वाटांवर वाळूच्या पट्ट्यांमध्ये खडकाची टोके येतात. ओहोटीला त्या टोकांना वळसा घालून आरामात जाता येते. दोन तासांनी त्याच जागी छातीएवढे पाणी आणि लाटा असतात. जायला वाट होती म्हणून परतायलाही असेल, हे गृहीतकच घात करते.

भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे 'गेल्या रविवारी चारला पाणी उतरले होते' हा अनुभव या रविवारी उपयोगाचा नाही. ढोबळ अंदाज असा: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारच्या अलीकडे-पलीकडे येते आणि संध्याकाळी पाणी उतरलेले असते, अष्टमीच्या सुमारास संध्याकाळीच पाणी चढते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी साधारण दोन मीटर चढते-उतरते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, त्याहून बरेच कमी. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी, आणि तो तक्ता समजत नसेल तर किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्या कोणाही रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारावे. त्याचे उत्तर तक्त्याइतकेच खात्रीचे असते. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी निघालात तर जाणे आणि येणे दोन्ही पदरात पडते.

आणि अडकलातच तर? टोकाला पोहून वळसा घालू नका. खडकावर आपटणारी लाट पोहता येणाऱ्यालाही सोडत नाही. जांभ्याच्या कड्यावर सरळ चढायलाही जाऊ नका. वरून घट्ट दिसणारा जांभा हाताला लागताच सुटतो. खडक नीट पाहा. जिथवर कालवे चिकटलेली आहेत आणि खडक काळपट-हिरवा आहे, तिथवर पाणी येते. त्याच्या बरेच वर, कोरड्या जागी बसा आणि थांबा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास लागतात, पण वाट बहुधा तीन-चार तासांतच मोकळी होते. हे थांबणे कंटाळवाणे असते, धोक्याचे नसते. पावसाळ्यात मात्र हा हिशोब लागू नाही. जून ते सप्टेंबर लाटा केव्हा किती वर येतील याचा भरवसा नसतो, त्या दिवसांत खडकाळ किनारा सोडूनच द्यावा.

नदीच्या मुखाचे वेगळे. तेरेखोल, तळपण, गालजीबाग इथे ओहोटीला पात्र उथळ भासते आणि चालत पलीकडे जाण्याचा मोह होतो. नदीचे सगळे पाणी त्याच वेळी समुद्राकडे ओढ घेत असते. फेरी असेल तर फेरीने जा, नाहीतर पूल गाठा.

सड्यावर दुपारी निघणे

सडा सपाट, म्हणून सोपा वाटतो. त्यावर झाड नाही, सावली नाही, आणि जांभा सकाळी दहापासून तापायला लागतो. मार्च ते मे आणि पाऊस गेल्यावरचा ऑक्टोबर हे महिने सर्वांत त्रासाचे. तापमानाचा आकडा 33-34 दिसतो आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांना तो किरकोळ वाटतो. पण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही, पोटात मीठही जावे लागते. कोकम सरबतात मीठ-साखर घालून नेणे हा इथला जुना आणि उत्तम उपाय. माणशी तीन लिटर पाणी घ्या. किनाऱ्यालगतच्या सड्यावर पिण्याचे पाणी मिळेल या भरवशावर राहू नका.

चालताना डोके दुखायला लागले, मळमळले, पायात गोळे आले तर तिथेच थांबून सावली शोधा. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.

मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की सडा सोडावा. त्या उघड्या पठारावर सर्वांत उंच गोष्ट तुम्हीच असता.

धबधब्याचे पाणी फक्त समोर पाहून ठरवणे

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किनाऱ्यावर सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. घाटातले व्हाळ, म्हणजे ओढे, आखूड आणि तीव्र उताराचे. वर चोर्ला-सुर्लाच्या माथ्यावर तासभर जोराची सर आली तर खाली ऊन असतानाही पाणी चढते. कोंडात, म्हणजे धबधब्याखालच्या डोहात, उतरलेल्यांना ते चढताना कळतही नाही.

जुलै 2023 मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. पुढे काही धबधबे खुले झाले. दर पावसाळ्यात परिस्थितीप्रमाणे असे आदेश निघतात. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत लोक पोहताना दिसतात म्हणून यंदाही ते चालते, असे समजू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी मोले, नेत्रावळी, खोतीगाव, म्हादई यांपैकी जिथे जायचे असेल तिथल्या वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करा. बंदी असेल तर मागच्या वाटेने शिरू नका. काही घडलेच तर सोडवायला येणारे वनरक्षक आणि गावकरी त्याच पाण्यात उतरतात.

पाणी चढण्याआधी काही खुणा दिसतात. निवळ पाणी अचानक लालसर गढूळ होते, पाने-काटक्या वाहत येऊ लागतात, मघाशी उघडा असलेला दगड बुडतो, आवाज जड होतो. यातले एक जरी दिसले तरी सामान सोडून काठावर, आणि काठावरूनही चढ धरून वर. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिकडेच राहा. आखूड व्हाळ जितक्या झटपट भरतात तितक्याच झटपट ओसरतात. वर पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतार मिळतो. गुडघ्यापर्यंतचे वाहते पाणीही पाय उचलते. अशा ठिकाणी दोर बांधून ओलांडण्याचे प्रयोग मला मुळीच पटत नाहीत, कारण शेवाळलेल्या दगडावर एकजण घसरला की दोराला धरलेले सगळेच ओढले जातात.

खाणींच्या जुन्या खंदकांबद्दलही हेच. डिचोली, सांगे, सत्तरीकडे बंद पडलेल्या खंदकांत निळेहिरवे पाणी साठलेले दिसते. काठाची माती भुसभुशीत, उतार सरळ आणि खोली किती ते वरून कळत नाही. तिथे उतरूच नये.

दूधसागर धबधब्याला रुळांवरून जाणे

रुळांवरून चालणे हा रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याहून मोठे कारण तो मार्ग आहे. कुळे ते कॅसलरॉकचा घाट 1:37 इतक्या चढाचा, वळणांचा आणि बोगद्यांचा आहे. वळणापलीकडून येणारी मालगाडी उतारावर चटकन थांबत नाही आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. पावसाच्या आणि पाण्याच्या आवाजात गाडी ऐकूही येत नाही. पाऊस संपल्यावर कुळ्यातून वनखात्याच्या परवानगीने जीपगाड्या सुरू होतात, तोवर धीर धरावा.

कोरड्या दिवसांत जंगल निर्धोक समजणे

जळवांची भीती सगळ्यांना वाटते. खरी काळजी गोचिडीची हवी. माकडताप हा विषाणूजन्य ताप गोचिडीतून पसरतो. 1957 मध्ये तो कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि 2015 पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका लोकांच्या भटकंतीचा आणि काजूच्या हंगामाचा.

पाचोळ्यावर बसू नका, आडवे होऊ नका. पूर्ण बाह्या, पूर्ण विजार, विजारीची टोके मोज्यात. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळे अंग तपासा. लहान गोचीड तिळाहून बारीक असते. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका, नखाने चिरडणे यातले काही करू नका. वाटेत माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता वाळपई किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. आठवड्याभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की सत्तरीच्या रानात जाऊन आलो. हे सांगितले नाही तर तपासणी डेंग्यू-मलेरियापुरतीच राहण्याची शक्यता असते.

मार्चमध्ये वणव्याचाही धोका. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात साट्रे आणि इतर भागांत दिवसच्या दिवस आग धुमसत होती. रानात चूल, सिगारेट, कापूर, काहीच पेटवू नये.

नकाशात गावाचे नाव टाकून गाडी सोडणे

गोव्यात एक केरी पेडण्यात समुद्रकाठी, दुसरी सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, तिसरी फोंड्यात. सुर्ला सत्तरीत घाटमाथ्यावर आहे, डिचोलीतही आहे, आणि महादेवाच्या कदंबकालीन देवळाचे तांबडी सुर्ला धारबांदोड्यात. नावासोबत तालुका टाकल्याशिवाय शोधू नका. घाटाखाली नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवा.

वाट सुटली असे वाटले की पुढे जाणे थांबवा आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. व्हाळाच्या कडेने खाली उतरत गेलो की गाव लागतेच, हा समज घाटात चुकीचा ठरतो. मध्ये धबधब्याचा कडा येतो. गुरांची वाट आणि माणसांची वाट सारखीच दिसते, पण गुरांची थोड्या अंतरावर फाटत फाटत रानात विरते.

वाट कुळागरातून किंवा काजूच्या बागायतीतून जात असेल तर घरी हाक मारून विचारावे. बहुतेकदा परवानगीबरोबर पाणीही मिळते. देवाच्या रायीत, म्हणजे देवराईत, मात्र गावकऱ्यांना विचारल्याशिवाय शिरू नये, चपला बाहेर ठेवाव्यात आणि तिथली वाळकी काडीही उचलू नये. ती राय गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे.

सूर्यास्तानंतरची परतवाट

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच काळोख होतो. डोक्याला बांधायची बॅटरी सोबत हवीच, मोबाइलचा दिवा पुरत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवा मारत फिरू नका, उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्ले वाट चुकतात.

काळोखात पाय कुठे पडतो ते दिसले पाहिजे, कारण साप बहुधा पाय पडल्यावरच चावतो. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. चावलेला भाग न हलवता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि 108 बोलवा. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घाटातल्या चापडा या विषारी सापावर ते काम करत नाही, तरी तिथेही रुग्णालयातल्या देखरेखीची गरज लागते.