पावसाळ्यात इंजिन वर काढताय? ऑइल आत्ताच बदला, दिवाळीला नको

मे संपत आला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कृष्णाकाठाला एकच गडबड असते. यडूर, कल्लोळ, मांजरी, अंकली, कुडची, तिकडं उगार, कुठंही बघा, नदीवरच्या मोटरी, पायपा, डिझेल इंजिनं वर काढायचं काम चाललेलं असतंय, कारण एकदा वरनं कोयनेचं पाणी सुटलं आणि इकडं दूधगंगा भरून आली की कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली जायला वेळ लागत नाही आणि मग रात्री बॅटरी घेऊन धावायची पाळी येते. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको.

तर इंजिन सगळेच वर काढतात, पण ऑइलचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दिवाळीला बसवताना बदलू की, आत्ता नवीन घालून चार महिने नुसतं ठेवायचं म्हणजे पैसे वाया." मीपण बरीच वर्षं असंच करत होतो. मग एका वर्षी इंजिन आतनं ठोकायला लागलं म्हणून खोललं, तर मेस्त्रीनं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. जे आरशासारखं गुळगुळीत पाहिजे त्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक काळे खड्डे होते, नख फिरवलं की खरखर लागायचं. मेस्त्री म्हणाला, "हे चालून झिजलेलं नाही मामा, बसून खाल्लेलं आहे."

बसून खातंय म्हणजे काय, तर डिझेल जळताना काजळी होते, पाण्याची वाफ होते आणि थोडं ॲसिडपण होतं, आणि हे सगळं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं थोडं थोडं खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 डिझेल आलं, त्यात गंधक 10 पीपीएमच्या आत असतं, त्यामुळं गंधकाचं ॲसिड बरंच कमी झालंय, पण पाणी आणि काजळी आहेच की. इंजिन रोज चालतं तेव्हा तापून पाणी उडून जातं, चार महिने गप बसलं की तेच पाणी आणि ॲसिड बेअरिंगला चिकटून राहतं, त्यात आपल्याकडची जून-जुलैची दमट हवा. थंड देशातले बोटवाले हिवाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढताना ऑइल आधी बदलतात ते ह्याचसाठी. त्यांना बर्फाची भीती, आपल्याला पुराची, बेअरिंगचं दुखणं एकच.

आता काम कसं करायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं इंजिन फाउंडेशनवर असताना, पंप जोडलेला असतानाच करायचं, घरी आणून नाही. आपली बरीच इंजिनं पंपाच्याच पाण्यावर गार होतात, घरी आणल्यावर पाणी कुठनं देणार, आणि गार इंजिनातनं ऑइल काढलं तर वरचं पातळ तेवढं येतं, तळाचा गाळ आतच राहतो.

म्हणून आधी पाणी चालू करून इंजिन दहा-पंधरा मिनिटं पळवा. बंद केलं की लगेच ऑइल भरायचं झाकण उघडा, चेंबरच्या, म्हणजे खाली ऑइल साठतं त्या भागाच्या, नटाखाली घमेलं सरकवा, पान्यानं नट सैल करा आणि शेवटचे आटे हातानं काढताना हात बाजूला ठेवा, ऑइल गरम असतंय, भाजतं. इंजिन काठावर तिरकं बसलेलं असलं तर नटाची बाजू खाली येईल असं बघा. मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही, थेंब थेंब पडायचा बंद होईपर्यंत थांबायचं, इथंच लोक घाई करतात.

थांबलाय तोवर निघालेलं ऑइल बघा, ह्यात इंजिनाची सगळी तब्येत कळते. काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनाचं ऑइल काळं होणारच. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, हेड गॅस्केट नाहीतर लायनरचे (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीचे) रबर गेलेत, ते ह्याच सुट्टीत करून घ्या. ऑइल मोजायच्या पट्टीवरची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली असली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल पंप आत गळतोय. दोन बोटांत थेंब चोळून उन्हात धरा, चकचकीत कण दिसले तर बेअरिंग सुटायला लागलंय. हातमोजे घालून करा, जळकं ऑइल रोज कातडीला लागणं चांगलं नाही.

मग फिल्टर बदला, जाळीचा असेल तर डिझेलमध्ये धुवून वाळवून घाला, नटाला नवीन वायसर टाका, नट आवळा. ग्रेड इंजिनाच्या पुस्तकात असेल तोच, आपल्याकडं बहुतेक जण 20डब्ल्यू-40 घालतात. 5 एचपीच्या इंजिनाला साधारण साडेतीन-चार लिटर जातं पण मॉडेलप्रमाणं फरक पडतो, म्हणून नरसाळ्यानं थोडं थोडं ओतून पट्टी बघत राहा आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. आता परत पाच मिनिटं इंजिन चालवा. हे विसरू नका, नवीन ऑइल नुसतं चेंबरमध्ये पडून उपयोग नाही, ते बेअरिंगपर्यंत, लायनरपर्यंत पोचलं पाहिजे. बंद करून दहा मिनिटांनी परत पट्टी बघा, नटाखाली गळतंय का बघा.

त्यानंतर जॅकेटमधलं, म्हणजे इंजिन गार करायला भोवतीनं फिरतं ते पाणी सोडून द्या, नाहीतर नदीचा गाळ आत बसतो आणि गंज धरतो. एअर क्लिनरमध्ये ऑइल असतं तेपण बदला. इंजिन बंद असताना हवेच्या तोंडातनं दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडा, कॉम्प्रेशनचा लिव्हर (हा उचलला की आतला दाब सुटून हँडल हलकं फिरतं) उचलून हँडलनं सावकाश चार-पाच फेरे द्या, म्हणजे लायनरला ऑइलचा हात बसतो. दोन चमच्यापेक्षा जास्त नाही, आणि चालू इंजिनात तर कधीच नाही, ते ऑइलवरच भडकून पळत सुटतं. शेवटी लिव्हर खाली टाकून हँडल जड लागेपर्यंत फिरवा आणि तिथंच सोडा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, ओल आत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला डबा पालथा घाला. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतनं पाणी धरतं.

नावेला आउटबोर्ड मोटर असेल तर फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल असंच. टू-स्ट्रोकला चेंबरमध्ये ऑइल नसतं, पण खाली पंख्याजवळचं गिअर ऑइल दोन्हीला असतं, खालचा आणि वरचा दोन्ही स्क्रू काढून सोडायचं आणि नवीन खालनं भरायचं, वरच्या भोकातनं बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. ते पांढरट निघालं तर सील गेलंय.

जळकं ऑइल नदीत ओतू नका हो, बांधावर तणावरपण नको. हेच पाणी खालच्या गावाला प्यायला जातंय. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, तो पुढं घेणाऱ्याला देतो.

इंजिन घरी आणलं की फळ्यांवर ठेवा, जमिनीवर नको, आणि ताडपत्री वरनं टाका पण आवळून बांधू नका, खालनं हवा खेळली पाहिजे. खंडेनवमीला पूजा करायला ताडपत्री काढाल तेव्हा पट्टी ओढून बघा. ऑइल पांढरट झालेलं नसेल तर परत बदलायची गरज नाही, तेच चालवायचं. फक्त बसवल्यावर लिव्हर उचलून पंधरा-वीस फेरे नुसते हँडल मारा, मग लिव्हर टाका.