कॅमेरा सिस्टीम निवडताना मेगापिक्सेल बघायचे की लेन्स? असं ठरवा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की सगळे पहिले मेगापिक्सेल विचारतात, पण माझ्या मते तो आकडा शेवटी बघायचा. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) काही वर्षांनी बदलली जाते, चांगली लेन्स मात्र कितीतरी जास्त टिकते, त्यामुळे खरा निर्णय माउंटचा (बॉडीवर लेन्स बसते त्या कडीचा) असतो.

आधी घरातल्या लेन्स काढा आणि प्रत्येकीचा माउंट लिहून काढा. फोकसची मोटर लेन्समध्येच आहे का तेही बघा, कारण पुढे सगळं त्यावर अडतं. कॅननच्या ईएफ लेन्स (हा माउंट १९८७ पासूनचा) अडॅप्टर (मधली जोडकडी) लावून आरएफ माउंटच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे, आरसा असलेले ते डीएसएलआर) ऑटोफोकससकट चालतात. निकॉनचं तसं सरसकट नाही, एफटीझेड अडॅप्टरवर (डीएसएलआरच्या एफ माउंटची लेन्स मिररलेसच्या झेड माउंटवर लावायला) मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो पण मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. आणि उलटं जमत नाही बरं का, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लागत नाही. निकॉन एफमध्ये माउंट ते सेन्सर (फोटो टिपणारी चिप) अंतर ४६.५ मिमी, झेडमध्ये फक्त १६ मिमी, म्हणून मधे अडॅप्टर बसायला जागा मिळते, डीएसएलआरमध्ये ती जागाच नसते.

मग लेन्स कुठल्या सेन्सरसाठी बनलीय ते तपासा, इथे बरेच जण फसतात. एपीएस-सीसाठीची (लहान सेन्सरची) लेन्स फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) लावली की कॅमेरा सहसा मधलाच भाग वापरतो. १.५ क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमची लांबी-रुंदी दीडपट) धरला तर ४५ मेगापिक्सेलचे साधारण २० उरतात आणि २४ चे जेमतेम १०-११. म्हणजे लेन्स त्याच ठेवायच्या असतील तर फुल फ्रेमचे पैसे कशाला घालायचे, चांगली एपीएस-सी बॉडी घ्या.

आता रिझोल्यूशन. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए४ प्रिंटसाठी ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलसुद्धा नाही. ४के टीव्हीचा अख्खा स्क्रीन साधारण ८.३ चा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, त्याची २० बाय १३ इंची प्रिंट मस्त निघते, बहुतेकांना एवढं खूप झालं. शिवाय ४८ म्हणजे २४ च्या दुप्पट असं वाटतं पण लांबी-रुंदी फक्त १.४ पट वाढते. पक्ष्यांचे फोटो काढून नंतर भरपूर क्रॉप करत असाल किंवा भिंतभर प्रिंट काढत असाल तर ४५ किंवा ६१ जरूर घ्या, पण मग फाइल मोठ्या होणार, कार्ड फास्ट लागणार आणि हात जरासा हलला तरी झूम केल्यावर दिसणार.

पुढे घ्यायच्या दोन-तीन लेन्सही आत्ताच ठरवा आणि त्या माउंटमध्ये त्या मिळतात का, इतर कंपन्यांच्या पण आहेत का ते बघा. एल माउंटला लायका, पॅनासॉनिक, सिग्मा तिघांच्या लेन्स मिळतात. वजन नको असेल तर मायक्रो फोर थर्ड्स (आणखी लहान सेन्सरची सिस्टीम) बघा, तिथे ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या ६०० मिमीएवढं जवळ आणते, अंधारात मात्र नॉइज (फोटोत दाणे दिसणं) लवकर येतो.

पैसे देण्याआधी स्वतःची लेन्स आणि मेमरी कार्ड घेऊन दुकानात जा, त्या बॉडीवर लावून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून चार फोटो काढा आणि घरी आल्यावर १०० टक्के झूम करून कोपरे बघा. कोपरे धूसर असतील तर तिथे जास्तीचे मेगापिक्सेल काही उपयोगाचे नाहीत, ते पैसे लेन्सवर घाला.