दहातला कितवा?

थिऑलॉजीच्या पहिल्या वर्षी मी निबंधाची सुरुवात ‘येशू हा देवाचा अवतार’ अशी केली होती. सरांनी ‘अवतार’भोवती लाल गोल काढला आणि विचारलं, “दहातला कितवा?”

माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. अवतार म्हटलं की आपल्याला पुन्हा पुन्हा येणं आठवतं, काम आटोपलं की निजधामाला जाणं आठवतं. ख्रिस्ती मतात हे एकदाच घडलं, आणि तो देह पुनरुत्थानानंतरही सुटला नाही. म्हणून ‘देहधारण’ म्हणायचं. योहानाच्या शुभवर्तमानातले ‘शब्द देही झाला’ हे तीन शब्द पाठच करून टाका; इथे ‘शब्द’ म्हणजे देवाचा पुत्र.

नवी मुलं हमखास लिहितात की आरियस येशूला नुसता माणूस मानायचा. अजिबात नाही! अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू पुत्राला सृष्टीच्याही आधीचा मानत होता. पण पुत्र निर्माण केलेला, ‘तो नव्हता असंही एकदा होतं’, हे त्याचं म्हणणं. ३२५ साली नायसीयाच्या धर्मपरिषदेने ते फेटाळलं: पुत्र पित्याशी ‘होमोउसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा. ‘होमोइउसिओस’, म्हणजे सारख्या सत्त्वाचा, हा एका अक्षराचा वाद सगळे नायसीयाच्या नावावर खपवतात. तो पेटला ३५०च्या दशकात. आणि आज चर्चमध्ये म्हणतात तो मतांगीकारही, म्हणजे श्रद्धेची कबुलीही, ३२५चा जसाच्या तसा नाही, तो ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो.

आरियसचं लिखाण फारसं उरलेलं नाही. जे आहे ते बहुतेक विरोधकांनी उद्धृत केलेलं, म्हणजे फिर्यादीच्या तोंडून आरोपीची बाजू. जपून वाचा.

मी आधी ग्रीक संज्ञांची घोकंपट्टी केली आणि पार गोंधळले. मग प्रत्येकाला धास्ती कशाची होती ते शोधू लागले. आरियसचा कट्टर विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला वाटे, पुत्रच निर्मित असेल तर तो निर्मितांना तारणार कसा? त्याच शतकातला बिशप अपोलिनारिस म्हणे, येशूत मानवी मनाच्या जागी दैवी शब्दच होता. त्यावर नाझियान्झसचा ग्रेगरी या बिशपचं उत्तर: जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही; म्हणजे मानवी मन घेतलंच नसेल, तर ते तारलंही गेलं नाही. हे एक वाक्य कळलं आणि पुढची गाडी रुळावर आली. मरियेला ‘देवमाता’ म्हणायला कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस का कचरत होता, म्हणून ४३१ साली इफिससच्या परिषदेने त्याला दोषी का ठरवलं, ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव, न मिसळता, न विभागता’ अशी कसरत का केली, सगळं उलगडलं.

खाल्सेदोन मात्र कॉप्टिक, सिरियाक आणि आर्मेनियन चर्चना मान्य झालं नाही. होस्टेलमधली माझी रूममेट केरळची, सिरियन ऑर्थोडॉक्स. पुस्तकात वाचून मी तिला ‘मोनोफिसाइट’, म्हणजे ख्रिस्ताचा एकच स्वभाव मानणारी, म्हटलं. ती भडकलीच. “मियाफिसाइट म्हण! देवपण आणि माणूसपण दोन्ही पूर्ण, पण एकवटलेला एकच स्वभाव.” अर्धी रात्र तिने मला अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल समजावला, नेस्टोरियसचा विरोधक.

परीक्षेत मी तिचाच शब्द लिहिला. अर्धा मार्क कापला गेला, कारण नोट्समध्ये जुना होता.